एव्हरार्ड कॅलथ्रॉप

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (जन्म: ३ मार्च १८५७, मृत्यू: ३० मार्च १९२७) हे ब्रिटिश रेल्वे अभियंता आणि संशोधक होते. सोलापूर व धाराशिव जिल्ह्यांतून धावणारी, पुढे लातूर, पंढरपूर आणि मिरजेपर्यंत पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वे ही त्यांची प्रमुख निर्मिती होय. अडीच फूट रुंदीच्या लोहमार्गावरूनही भरघोस माल वाहून नेता येतो आणि तोही फायद्यात, हे त्यांनी या मार्गावर सिद्ध केले. इंग्लंडमधील लीक आणि मॅनिफोल्ड लाइट रेल्वेवर त्यांनी मोठ्या मापाच्या मालवाघिणी छोट्या मापाच्या गाडीवर चढवून नेण्याची व्यवस्था केली. उत्तरायुष्यात त्यांनी विमानचालकांसाठी गार्डियन एंजल नावाची हवाई छत्री तयार केली. दख्खनच्या पठारावर त्यांचे नाव फारसे कोणाच्या ओठी नाही. त्यांची गाडी मात्र तीन-चार पिढ्यांच्या स्मरणात आहे.

सुरुवातीचे जीवन

कॅलथ्रॉप यांचा जन्म इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांचे नावही एव्हरार्ड असेच होते. सात भावांत ते सर्वांत थोरले. त्यांचे एक धाकटे बंधू सर गाय कॅलथ्रॉप हे पुढे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे महाव्यवस्थापक झाले. शिक्षण अपिंगहॅम येथील शाळेत झाल्यावर एव्हरार्ड यांनी रॉबर्ट स्टीफन्सन आणि कंपनीच्या इंजिन कारखान्यात काही काळ काढला आणि १८७४ मध्ये लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत उमेदवारी पत्करली. १८७९ मध्ये ते ग्रेट वेस्टर्न रेल्वेत गेले व तेथे डबे आणि वाघिणी बांधणाऱ्या कारखान्याचे साहाय्यक व्यवस्थापक झाले. इंजिनापेक्षा वाघिणीकडे अधिक लक्ष देणारा अभियंता हा त्या काळी विरळाच. कॅलथ्रॉप यांच्या पुढील सगळ्या कामाचे मूळ या कारखान्यातील अनुभवात शोधावे लागते.

भारतात आगमन

१८८२ मध्ये ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत इंजिन निरीक्षक म्हणून भारतात आले. मुंबईहून निघून भोर घाट चढून पुणे, सोलापूर, रायचूरकडे जाणारा या कंपनीचा मार्ग तोवर स्थिरावला होता. दख्खनचा कापूस आणि तेलबिया या मार्गाने मुंबई बंदराकडे जात. बंदराचे रूपही त्याच सुमारास पालटत होते. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक सुरू झाली. जहाज धक्क्याला लागावे आणि माल थेट गोदीत चढावा, ही सोय प्रथमच मोठ्या प्रमाणावर झाली.

मात्र बंदरात कितीही सुधारणा झाली तरी माल तेथवर पोहोचण्याची वाट तिच्या सर्वांत कमकुवत टप्प्याएवढीच चांगली असते. हा टप्पा समुद्रापासून शेकडो मैल दूर, काळ्या मातीच्या गाडीवाटांवर होता. पावसाळ्याचे चार महिने या वाटा बंदच असल्यासारख्या असत.

बार्शीचा प्रश्न

बार्शी हे त्या काळी सोलापूर जिल्ह्यातील मोठ्या व्यापारपेठेचे गाव होते. गावाच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर निजामाचे हैदराबाद राज्य सुरू होई. आजचे धाराशिव आणि लातूर हे जिल्हे त्या राज्यात होते. तेथील कापूस, करडई, जवस, तूर आणि ज्वारी बालाघाटच्या डोंगरातून बैलगाड्यांनी उतरून बार्शीच्या अडतीवर येई. सरहद्द ओलांडताना निजामाच्या करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. बार्शीहून हाच माल पुन्हा गाड्यांत भरून सुमारे २१ मैलांवरील बार्शी रोड स्थानकावर न्यावा लागे. बार्शी रोड म्हणजेच आजचे कुर्डुवाडी.

मुख्य लोहमार्ग बार्शीला वळसा घालून गेल्यामुळे इतकी मोठी पेठ रुळापासून वंचित राहिली होती. रुंदमापी फाटा टाकणे खर्चाचे होते आणि केवळ २१ मैलांसाठी कोणी तो टाकायला तयार नव्हते.

कॅलथ्रॉप यांनी रजा घेऊन या भागाची पाहणी केली आणि १८८७ मध्ये अडीच फूट मापाच्या हलक्या रेल्वेचा प्रस्ताव मांडला. सरकारदरबारी तो लवकर मान्य झाला नाही. हिंदुस्थानात आधीच साडेपाच फुटांचे ब्रॉडगेज आणि एक मीटरचे मीटरगेज अशी दोन मापे होती. त्यांच्या सांध्यांवर माल उतरवून पुन्हा चढवण्याचा त्रास सर्वांच्या परिचयाचा होता. त्यात तिसऱ्या मापाची भर कशाला, हा आक्षेप खोटा नव्हता. दरम्यान कॅलथ्रॉप यांची प्रकृती ढासळली. १८८९ मध्ये जी. आय. पी. ची नोकरी सोडून ते इंग्लंडला परतले आणि हलक्या रेल्वेचे सल्लागार अभियंता म्हणून काम करू लागले. १८९० मध्ये इझाबेल मेरी अर्ल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना चार अपत्ये झाली.

बार्शीचा विचार त्यांनी सोडला नाही. आठ वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर जुलै १८९५ मध्ये लंडन येथे बार्शी लाइट रेल्वे कंपनीची नोंदणी झाली.

चाकाखालचे वजन

कॅलथ्रॉप यांच्या विचाराचा गाभा एका साध्या निरीक्षणात आहे. लोहमार्ग किती जड बांधावा लागेल, हे गाडीचे एकूण वजन ठरवीत नाही. सर्वांत जड चाक ठरवते. बहुतेक छोट्या रेल्वेंत इंजिनाच्या एखाद्या आसावर भरमसाट भार येई, त्यासाठी रूळ आणि पूल भक्कम करावे लागत आणि त्या भक्कम रुळांवरून वाघिणी मात्र अर्ध्या रिकाम्या शक्तीने धावत. म्हणजे पैसा रुळात गुंतायचा आणि मिळकत वाघिणीतून यायची नाही.

त्यांनी हे उलटे केले. इंजिन असो, मालाची वाघीण असो वा प्रवाशांचा डबा असो, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येऊ द्यायचा नाही आणि प्रत्येक आसाला शक्यतो त्या मर्यादेपर्यंत राबवायचे, असा नियम त्यांनी घातला. चार आसांच्या वाघिणीचे भरलेले वजन त्यामुळे वीस टनांपर्यंत नेता येई. मग वाघिणीचे स्वतःचे वजन जितके कमी तितका माल अधिक. यासाठी त्यांनी जाड लोखंडी तुळयांऐवजी दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्यांचे सांगाडे वापरले. सगळ्या वाहनांचा सांगाडा एकाच मापाचा, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद ठेवला. त्याच सांगाड्यावर उघडी वाघीण, बंद वाघीण किंवा प्रवासी डबा उभा करता येई. अडीच फूट अंतराच्या रुळांवर सात फूट रुंदीचा डबा डोलत जाताना पाहणाऱ्याला भीती वाटावी अशी ही रचना होती. तिचा तोल सांभाळला तो फिरत्या बोगींनी आणि खाली ठेवलेल्या गुरुत्वमध्याने.

इंजिने लीड्सच्या किटसन कंपनीने बांधली. एकमेकांना जोडलेली आठ चाके आणि मागे भार वाहणारी चार, अशा सहा आसांवर इंजिनाचा भार वाटला होता. पाच टनांच्या हिशेबाने तो तीस टनांच्या आत बसतो. ही सामग्री भारतात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता मार्ग टाकून तिची जाहीर चाचणी घेण्यात आली. युद्धकाळात अशी सामग्री उचलून कोठेही नेता येईल आणि तीवरून फौज, घोडी व तोफा हलवता येतील, हा मुद्दाही कॅलथ्रॉप यांनी पुढे केला होता. सरकारचे मन वळवण्यात या युक्तिवादाचा वाटा असावा. बार्शीच्या व्यापाऱ्याला त्याच्याशी काही देणेघेणे नव्हते.

बार्शी लाइट रेल्वे

बार्शी रोड ते बार्शी टाउन हा पहिला टप्पा मार्च १८९७ मध्ये सुरू झाला. तो काळ दुष्काळाचा होता. १८९६-९७ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळला होता आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा आणखी भीषण दुष्काळ आला. जनावरे मेली की बैलगाडी थांबते आणि बैलगाडी थांबली की धान्य असूनही गावात पोहोचत नाही. अशा दोन दुष्काळांच्या तोंडावर बार्शीला रूळ मिळाला, ही गोष्ट कंपनीच्या नफ्याइतकीच नोंदवण्याजोगी आहे.

रेल्वे फायद्यात चालली आणि तिचे फाटे वाढले. १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरचा मार्ग सुरू झाला. आषाढी-कार्तिकीच्या यात्रांनी त्याला प्रवासी मिळवून दिले. सगळ्या वाहनांचा सांगाडा एकच असल्याचा उपयोग येथे झाला. यात्रेच्या दिवसांत डबे पुरत नसत, तेव्हा मालाच्या वाघिणीही वारकऱ्यांनी भरून जात. पूर्वेकडे मार्ग बार्शीहून निजामाच्या हद्दीत शिरला. पांगरी, येडशी, कसबे तडवळे, ढोकी, मुरूड अशी स्थानके घेत तो १९११ मध्ये लातूरला पोहोचला. येडशीजवळ रामलिंगच्या परिसरात बालाघाटची चढण लागते. हलक्या रुळाला वळणे घेत डोंगर चढणे जमते, मोठ्या मापाच्या रुळाला त्यासाठी डोंगर फोडावा लागतो. हा फरक या टापूत डोळ्यांना दिसत असे.

लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच मोडत होते (स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला). रेल्वे आल्यावर लातूरची बाजारपेठ झपाट्याने वाढली. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, मात्र रुळावर आले नाही. तेथील माणसाला गाडी पकडायला येडशी गाठावी लागे. त्याच तालुक्यातील बेंबळीसारखी गावेही मार्गापासून दूर राहिली. तेथल्या शेतकऱ्याच्या मालाला आधी बैलगाडी, मग छोटी गाडी, मग मोठी गाडी आणि शेवटी मुंबईची गोदी असा प्रवास घडे. प्रत्येक टप्प्यावर माल एकदा उतरे आणि एकदा चढे. कापसाचे वजन प्रवासात बदलत नाही, पण हाताळणीची मजुरी, गळती आणि अडत यांनी शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव मात्र घटत जातो.

पंढरपूरहून मिरजेपर्यंतचा शेवटचा विस्तार १९२७ मध्ये पूर्ण झाला. तो कॅलथ्रॉप यांच्या मृत्यूचेच वर्ष. तेव्हा एकूण मार्ग सुमारे २०२ मैल, म्हणजे ३२५ किलोमीटर झाला होता.

कुर्डुवाडीचा मालधक्का

दोन मापांचे रूळ जेथे भेटतात तेथे गाडी थांबते, माल थांबत नाही. तो माणसाच्या पाठीवरून पुढे जातो. कुर्डुवाडीला एका बाजूला छोटी वाघीण आणि दुसऱ्या बाजूला मोठी वाघीण अशी मालधक्क्यावर उभी राहत आणि मधले अंतर हमाल कापीत. रुईच्या गाठी, सरकीची पोती, धान्याच्या गोण्या तिकडून इकडे येत; मीठ, कापड, रॉकेल, लोखंडी सामान इकडून तिकडे जाई.

मापबदलाचा खर्च लोक समजतात तेवढा मोठा नसतो, अशी कॅलथ्रॉप यांची भूमिका होती. तिच्यात तथ्य होते. रेल्वे नव्हती तेव्हाही बार्शीची बैलगाडी स्थानकावर आल्यावर माल उतरवून वाघिणीत चढवावाच लागे. छोट्या रेल्वेने हाताळणीची नवी पायरी निर्माण केली नाही, तिने गाडीवानाची जागा घेतली. आणि २१ मैलांची वाहतूक इतकी स्वस्त झाली की मालधक्क्यावरची मजुरी त्यापुढे किरकोळ ठरली. कंपनीच्या खतावणीत हा हिशेब बिनचूक होता.

मात्र ही मजुरी किरकोळ राहिली तीच मुळी हमालाची मजुरी किरकोळ होती म्हणून, हेही तितकेच खरे आहे. इंग्लंडात मजूर महाग होता, म्हणून तेथे त्याच अभियंत्याने माल न उतरवण्याची युक्ती शोधली. हिंदुस्थानात मजूर स्वस्त होता, म्हणून ती शोधण्याची निकड कोणाला वाटली नाही. डोक्यावर आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या कामगारांच्या मजुरीचे व संरक्षणाचे नियमन करणारा माथाडी कायदा महाराष्ट्रात १९६९ मध्ये आला. बार्शीच्या पहिल्या गाडीला तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती.

हा प्रश्न एकट्या कुर्डुवाडीचा नव्हता. बिहारमध्ये गंगेच्या काठी मोकामा घाटावर ब्रॉडगेजचा माल उतरवून नदीपार मीटरगेजकडे पाठवावा लागे. पुढे शिकारकथांसाठी जगप्रसिद्ध झालेले जिम कॉर्बेट यांनी तेथे वीसहून अधिक वर्षे या हाताळणीचे कंत्राट सांभाळले. न्यूयॉर्क बंदरात याच अडचणीचे वेगळे रूप होते. तेथे रुळांचे माप एकच, पण मधे पाणी. हडसन नदीच्या पश्चिमेला येऊन थांबलेल्या रेल्वे कंपन्यांनी रूळ बसवलेले मोठे तराफे केले. किनाऱ्यावरच्या झुलत्या पुलावरून इंजिनाने वाघिणी त्यावर ढकलायच्या, ओढबोटीने तराफा मॅनहॅटन किंवा ब्रुकलिनच्या धक्क्याला न्यायचा आणि वाघिणी तशाच भरलेल्या अवस्थेत तेथल्या रुळांवर उतरवायच्या. त्यास कार फ्लोट म्हणतात. या तराफ्यांमुळे त्या बंदराच्या काठाकाठाने रेल्वेची मालगोदामे उभी राहिली, जरी त्यांतली काही मुख्य लोहमार्गाशी जमिनीवरून जोडलेलीच नव्हती. मुंबईला याची गरज पडली नाही. खाड्यांवर पूल बांधून ब्रॉडगेज बेटावर आले होते आणि १९१५ मध्ये सुरू झालेल्या पोर्ट ट्रस्ट रेल्वेने ते थेट गोद्यांच्या दारात नेले. कुर्डुवाडीला मोठ्या वाघिणीत चढलेली गाठ त्यानंतर बंदरापर्यंत पुन्हा उतरवावी लागत नसे.

लीक आणि मॅनिफोल्ड

न्यूयॉर्कच्या तराफ्यामागचे तत्त्व कॅलथ्रॉप यांनी जमिनीवर आणले. १८९६ च्या हलक्या रेल्वेविषयीच्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या डोंगराळ भागात मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यातून एक छोटा मार्ग काढण्याचे ठरले आणि कॅलथ्रॉप त्याचे अभियंता झाले. बार्शीचेच अडीच फूट माप त्यांनी तेथे घेतले. वॉटरहाउसेस ते हल्म एंड हा सव्वाआठ मैलांचा मार्ग २७ जून १९०४ रोजी सुरू झाला.

या खोऱ्यातील मुख्य माल म्हणजे दूध. दूध धक्क्यावर वाट पाहत नाही. वॉटरहाउसेसला मोठ्या मापाच्या फाट्याशी सांधा होता. तेथे कॅलथ्रॉप यांनी बुटक्या बोगींवर बसवलेली वाहक वाघीण ठेवली. तिच्या अंगावरच मोठ्या मापाचे रूळ बसवलेले असत. मोठी वाघीण टोकाकडून तीवर ढकलली, चाके जखडली की छोटे इंजिन तो दुमजली भार घेऊन निघे. वाटेतल्या स्थानकांवर मोठ्या मापाचे तुटक रूळ टाकलेले होते. वाघीण तेथे उतरवून ठेवायची, माल सावकाश रिकामा करायचा आणि पुन्हा चढवून न्यायची. कार फ्लोट पाण्यावर जे करी ते येथे छोट्या रुळांवर घडत होते.

कुर्डुवाडीला अशी सोय कधी झाली नाही. भारतातील ब्रॉडगेज वाघीण इंग्लंडमधील वाघिणीपेक्षा रुंद असते आणि पाच टनी आसांच्या वीस टनांच्या मर्यादेत वाहक वाघीण, मोठी वाघीण आणि तिच्यातला माल हे सारे बसवणे अवघडच होते. बार्शी-लातूरसारख्या लांब मार्गावर छोट्या गाडीने स्वतःच्याच हलक्या वाघिणीतून माल नेणे अधिक परवडणारेही होते. युक्ती लहान मार्गाची होती, आणि लहान मार्गावरच ती शोभली.

लीकच्या मार्गावर बार्शीची छाया ठळक होती. तेथील डबे आणि त्यांची रुंदी त्या वळणाची होती, आणि किटसननेच बांधलेल्या दोन इंजिनांच्या कपाळावर उष्ण देशांतल्या गाड्यांना शोभावेत असे मोठे दिवे होते. एका इंजिनाला कॅलथ्रॉप यांचे नाव दिले होते. हा मार्ग मात्र कधीच भरभराटीला आला नाही. मोटारींनी दूध पळवले आणि मार्च १९३४ मध्ये तो बंद पडला. हिंदुस्थानात जी रेल्वे शंभर वर्षांवर टिकली तिचे इंग्लंडमधील भावंड तीस वर्षांत संपले. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावरच्या रेल्वेचे माप १८९८ मध्ये अडीच फुटांवर आणण्यातही कॅलथ्रॉप यांचा सल्ला होता.

गार्डियन एंजल

कॅलथ्रॉप यांचे मित्र चार्ल्स रोल्स हे रोल्स-रॉइस कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ येथे विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला. या घटनेने कॅलथ्रॉप यांना विमानचालकाच्या सुटकेच्या साधनाकडे वळवले. तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते आणि विमानविद्येशी त्यांचा काही संबंध नव्हता. १९१३ मध्ये त्यांनी रेशमी छत्रीचे पेटंट घेतले. विमानाला बांधलेल्या डब्यात छत्री घडी करून ठेवलेली असे. माणसाने उडी घेतली की त्याच्या वजनानेच ती डब्यातून ओढली जाऊन उघडे. उडी घेणाऱ्याला स्वतः काही करावे लागत नसे. घसरण न होता, गुंता न होता रेशीम क्रमाने सुटावे, यावर त्यांनी बारकाईने काम केले होते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात या छत्रीच्या चाचण्या झाल्या. जानेवारी १९१७ मध्ये क्लाइव्ह कॉलेट या न्यूझीलंडच्या वैमानिकाने ऑर्फर्डनेस येथे विमानातून यशस्वी उडी घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मेजर ऑर्ड-लीस यांनी लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्स नदीत उडी घेऊन, अगदी कमी उंचीवरूनही छत्री उघडते हे लोकांपुढे दाखवून दिले. शॅकलटन यांच्या अंटार्क्टिक मोहिमेतून वाचून आलेला हा अधिकारी छत्रीचा कट्टर पुरस्कर्ता होता.

तरीही ब्रिटिश हवाई दलाने आपल्या वैमानिकांना छत्री दिली नाही. ती जड आहे, लढाऊ विमानात मावत नाही, पेटलेल्या विमानातून सुटायला तिचा उपयोग होईलच असे नाही, अशी कारणे दिली गेली. चालकाला सुटकेचे साधन दिले तर तो विमान वाचवण्याआधी स्वतःला वाचवील, ही शंकाही अधिकाऱ्यांच्या मनात होती असे मानले जाते. यांतील तांत्रिक आक्षेप काही प्रमाणात खरे होते. पण तांत्रिक आक्षेप दूर करण्यासाठीच अभियंता असतो, आणि येथे तो दाराशी उभा होता. १९१८ मध्ये जर्मन वैमानिक छत्री वापरू लागले, ब्रिटिश वैमानिक मात्र शस्त्रसंधीपर्यंत पेटत्या विमानांसह खाली येत राहिले. छत्री वापरली गेली ती हेरांसाठी. ऑगस्ट १९१८ मध्ये अलेस्सांद्रो तान्दुरा या इटालियन सैनिकाला गार्डियन एंजलच्या साहाय्याने शत्रूच्या मुलखात रात्री उतरवण्यात आले.

युद्धानंतर अमेरिकन लेस्ली अर्विन यांची, पाठीवर बांधून हाताने उघडण्याची छत्री पुढे आली आणि तिनेच जगभर जम बसवला. कॅलथ्रॉप यांनी या कामात बराच पैसा व आयुष्याची उत्तम वर्षे घातली होती. रेल्वेत त्यांना जे यश मिळाले ते येथे मिळाले नाही.

घोडे

कॅलथ्रॉप यांना अरबी घोड्यांचे वेड होते. इसेक्स परगण्यात लाउटन येथील गोल्डिंग्ज या आपल्या घरी त्यांनी अशा घोड्यांची पैदास केली. १९२० मध्ये त्यांचे द हॉर्स, अ‍ॅज कॉम्रेड अँड फ्रेंड हे पुस्तक प्रसिद्ध झाले. घोड्याला चाबकाने न वळवता विश्वासाने शिकवावे, असा त्यातील उपदेश आहे. आसावरच्या पाच टनांच्या मर्यादेचा काटेकोर आग्रह धरणारा हा माणूस जनावराच्या पाठीचाही विचार करीत असे.

मृत्यू आणि नंतर

३० मार्च १९२७ रोजी लंडन येथे वयाच्या सत्तराव्या वर्षी कॅलथ्रॉप यांचे निधन झाले.

बार्शी लाइट रेल्वे कंपनीची मालकी लंडनकडे राहिली. १९५४ मध्ये भारत सरकारने ती विकत घेतली आणि मार्ग मध्य रेल्वेत समाविष्ट झाला. कुर्डुवाडीचा कारखाना चालू राहिला. ट्रक आणि एस. टी. यांच्या स्पर्धेत छोट्या गाडीचा माल आणि प्रवासी दोन्ही ओसरत गेले. तिच्या मंद गतीवरून या भागात विनोदही पुष्कळ झाले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मार्गाचे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले आणि २००८ मध्ये कुर्डुवाडी ते लातूर हा पट्टा मोठ्या मापावर आला. या कामात मार्गाची आखणी बदलून तो धाराशिव शहराजवळून नेण्यात आला. बार्शी रोडहून पहिली छोटी गाडी सुटल्यानंतर एकशे दहा वर्षांनी जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाला स्वतःचे रेल्वे स्थानक मिळाले, आणि कुर्डुवाडीला लातूरचा माल उतरवून घेण्याचे कारण उरले नाही.